मनुकांच्या पाईवरची बोली

१ मार्च, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. चौतीस वर्षं नॉर्डालच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, दर वर्षी मुलांना रोजनिशी लिहायला लावली, स्वतः मात्र एक पान लिहिलं नाही. पात्रं आधी ओळखीची करून द्या, हे मी मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो. तर: मी व्हर्लिन स्टोर्डाल, वय अडुसष्ट, अविवाहित. थोरली बहीण बोर्गहिल्ड, म्हणजे ताई, शेजारच्या घरात. वय चौऱ्याहत्तर. मतं असंख्य. आणि आर्डिस क्वामी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मी तिच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला जातो. टेबल डुगडुगतं. पायाखाली कागदाची घडी घालायचं काम माझं.

संकल्प. दोन मे रोजी चर्चच्या तळघरात बायकांनी घरी भाजलेल्या गोड पाईंचा लिलाव. अग्निशामक दलाला नवा पाइप घ्यायचाय. जो पाई घेईल त्यानं ती करणारीच्या शेजारी बसून खायची, अशी इथली पद्धत. मी आर्डिसची आंबट साय आणि मनुकांची पाई घेणार. आणि दुसऱ्या तुकड्याला तिला लग्नाचं विचारणार.

गुरुवारी कॉफीवर का विचारत नाही? कारण गुरुवारी कॉफी असते. प्रत्येक गोष्टीला प्रसंग लागतो.

१ मार्च. दुपारी.
अडचण एकच. पाईच्या लिलावात एखाद्याला अमुकच बाईची पाई हवी आहे असा गावाला वास लागला, की सगळे मिळून त्याची बोली चढवतात. त्याला घाम फुटेपर्यंत. गेल्या वर्षी केरमिट लो या तरुणानं होणाऱ्या बायकोची करपलेली लिंबाची पाई एकशे दहा डॉलरला घेतली. अख्खं तळघर बाकांवर उभं राहून ओरडत होतं. केरमिट रडकुंडीला आला होता आणि हसत होता.

मी असल्या प्रकाराला बळी पडणार नाही. पूर्ण गुप्तता. तरी खबरदारी म्हणून दीडशे डॉलर पाकिटात घालून शब्दकोशात ठेवले.

३ मार्च, मंगळवार.
हात वर करून बोली लावायची म्हणजे दवंडी पिटण्यासारखं. त्यापेक्षा डावी भुवई. लिलाववाल्याला तेवढी दिसली की पुरे. आरशासमोर वीस मिनिटं सराव. उजवीही बरोबर उठते, ती थांबवायला हवी.

ताई दार न वाजवता आत आली आणि घाबरून डॉक्टरला फोन करू का म्हणाली. मी म्हटलं, व्यायाम. ती म्हणाली, व्हर्लिन, तुला आर्डिसची पाई हवीय हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि पाई कशाला, सरळ विचार ना तिला, तोंड काय फक्त चुका काढायला दिलंय का देवानं? मी शांतपणे सगळं नाकारलं. तिला पटलेलं दिसलं.

५ मार्च, गुरुवार.
कॉफी. आर्डिस म्हणाली, टूसॉनहून, तिकडे दक्षिणेच्या वाळवंटातून, लेकीचा रोज फोन येतो, आई इकडेच ये म्हणते, तिकडे बर्फ उपसावा लागत नाही. मी म्हटलं, टूसॉन या नावात एक अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, हे तिच्या लक्षात आलंय का? ती म्हणाली, पुष्कळ गोष्टी असतात तशा मास्तर, असतात पण माणसं उच्चारत नाहीत. अगदी बरोबर मुद्दा. मी आणखी सहा शब्द उदाहरणादाखल दिले.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मन लावून ऐकताना तिची हीच सवय.

१४ मार्च, शनिवार. रात्री नव्हे, जेवणाआधी. राग ताजा असताना.
सरावासाठी पामर एगेच्या शेतावर लिलावाला गेलो. पामर जानेवारीत गेला, सामान विकायला काढलं. लिलाववाला ड्वेन ब्रेकी. माझा विद्यार्थी. इंग्रजीत दोनदा नापास, आणि तीन जिल्ह्यांत सगळ्यात जास्त बोलण्याचे पैसे तोच घेतो.

ड्वेन ट्रेलरवर उभा राहून ओरडत होता, या गृहस्थांनी पंधरा 'बिडेड', कोण सोळा 'बिडेड'? मला राहवेना. पैशाची बोली लावली तर भूतकाळातही 'बिड'च राहतं, बदलत नाही. निरोप घेतला किंवा हुकूम सोडला तर 'बेड'. 'बिडेड' हे रूप जगात कुठेही नाही, फक्त ड्वेनच्या तोंडात आहे. हे मी त्याला १९७१ सालीही सांगितलं होतं. ते पुन्हा सांगावं म्हणून हात वर केला. ड्वेन ओरडला, सर अठरा! मी म्हटलं, नाही, नाही, 'बिड'! तो म्हणाला, घेतली सर, तुमचीच बोली! हातोडा पडला.

अठरा डॉलरला डुकरांना पाणी पाजायचं लोखंडी कुंड. वजन दोन माणसांचं. माझ्याकडे डुकरं नाहीत.

एक गोष्ट मात्र बरी वाटली. पामरचा अकॉर्डियन आला तेव्हा त्याच्या मुलानं, फार्गोहून आलेला तो, हळूच हात वर केला. पाच डॉलर. दोनशे माणसं अंगणात, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी हात खिशात घातले आणि बुटांकडे बघत राहिले. ड्वेननं झटकन हातोडा मारला. इथली रीतच आहे ती: घरचं माणूस बोली लावत असेल तर बाकीच्यांनी हात खिशात घालायचे. दुखवट्यातला एक प्रकारच तो. गावात शिस्तीची म्हणून एवढी एकच गोष्ट उरली आहे.

कुंड पोचवायचे ड्वेननं पैसे घेतले नाहीत. माझ्या धाकापोटी.

१६ मार्च, सोमवार.
संकल्प क्र. २: लिलाव होईपर्यंत कुणाचंही इंग्रजी सुधारायचं नाही. तोटा होतो.

१८ मार्च, बुधवार.
ताईच्या सामानाच्या यादीत तीन चुका. तोंडी सांगितल्या, लेखी नाही. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही.

२१ मार्च, शनिवार.
मोठी बातमी! आर्डिसच्या घरासमोर बर्फात 'विकणे आहे' अशी पाटी. ताई धावत आली. म्हणाली, बघितलंस? आता तरी काही करशील? मी मनातल्या मनात हसलो. सगळं कसं जुळून येतंय. पाच खोल्यांचं घर बाई उगीच कशी विकेल? लहान घरात जायचं मनात असल्याशिवाय? आणि लहान घर म्हटलं की गावात दोनच, एक ताईचं आणि एक माझं.

दुपारी मागच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं. शब्दकोश जमिनीवर. एकूण चौदा. तिच्या कपड्यांना सहा फूट जागा मिळेल असं मापलंय.

२ एप्रिल, गुरुवार.
कॉफी झाल्यावर आर्डिसनं हिवाळाभर खिडकीत जपलेली जिरेनियमची चारही रोपं माझ्या हातात दिली. म्हणाली, यांना तुमच्याकडेच जागा द्या मास्तर, मला कुठं नेता येणार. खरंच, स्वतः उचलून दोन रस्ते ओलांडणं तिला कसं जमणार? सामान हप्त्याहप्त्यानं येऊ लागलंय.

रोपं डुकरांच्या कुंडात बसवली. कुंड घेतलं ते किती दूरदृष्टीनं घेतलं, हे आता ताईलाही कळेल.

९ एप्रिल, गुरुवार. ५ वाजता.
आर्डिसनं गुलाबी कागदावर स्वतः लिहिलेलं काहीतरी पुढं सरकवलं. म्हणाली, चर्चच्या पत्रकात द्यायचंय, पण आधी तुम्ही वाचा. बाकी कुणाला दाखवलं नाहीय. तुम्हीच आधी वाचा.

वाचलं. नॉर्डालच्या लोकांनो, चाळीस वर्षं तुम्ही मला सांभाळलंत, आता मी निघते, काल रात्री एकेका खोलीत जाऊन घराला निरोप दिला, वगैरे. डोळ्यांत पाणी आलं. कारण हा माझा विषय! 'आपल्या गावाला निरोप' या विषयावर निबंध मी चौतीस वर्षं मुलांना दिला. आर्डिस माझी विद्यार्थिनी कधीच नव्हती. मला आवडावं म्हणून कुणाकडून तरी विषय मिळवला आणि या वयात निबंध लिहिला. एखादी बाई याहून जास्त काय करील?

निरोप दिला, तिथं तिनं 'बिड' लिहिलं होतं. लाल पेन्सिलीनं 'बेड' केलं. दोन्हींतला फरक नीट समजावला, पाऊण तास. पामरच्या लिलावाचं उदाहरण दिलं. निरोपाला बोली लागत नाही, हे वाक्य मला जागेवरच सुचलं. तिनं ते मान खाली घालून ऐकलं.

कागदाच्या खाली दोन इंच जागा उगीच कोरी सोडली होती. त्याबद्दलही सांगितलं: कागदाची नासाडी, मजकूर पानभर नीट बसवावा.

ती म्हणाली, मास्तर, फक्त चुकाच बघितल्या? मी म्हटलं, छे, विरामचिन्हंही बघितली.

१० एप्रिल, शुक्रवार.
संकल्प क्र. २ काल मोडला. पण प्रेमात मोडला, तो धरायचा नाही.

१९ एप्रिल, रविवार.
चर्च. पत्रक छापून आलं. पहिल्या पानावर आर्डिसचा निबंध. मी आधी ते एक वाक्य शोधलं. 'बेड'! माझी दुरुस्ती जशीच्या तशी छापली. प्रार्थनेत लक्ष लागेना.

बाहेर पडताना माणसं एकेक करून माझ्याजवळ आली. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी दंड दाबला. पाद्रीबाई म्हणाल्या, काही लागलं तर कळवा. एका दुरुस्तीचं एवढं कौतुक या गावात होईल असं वाटलं नव्हतं. मी नम्रपणे म्हणालो, काही विशेष नाही, सवयीनं जमतं. ड्वेननं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, सर, फार वाईट वाटलं हो वाचून. मी म्हटलं, वाईट वाटून काय उपयोग, त्याच वेळी अभ्यास करायचा होता. तो माझ्याकडे बघतच राहिला. सत्तावीस वर्षांनी का होईना, पश्चात्ताप झाला.

ताई घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. हे तिच्या आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा दाढ काढली होती.

२३ एप्रिल, गुरुवार.
आर्डिसकडे खोकी. बशा वर्तमानपत्रात गुंडाळणं चाललंय. मी म्हटलं, इतकी घाई कशाला, मेपर्यंत वेळ आहे. ती म्हणाली, हो, मे संपायच्या आत आटपायला हवं. दोघांच्या मनात एकच महिना!

मी सुचवलं, बशा सगळ्या लागणार नाहीत, बारा माझ्याकडे आहेतच. ती हसली, मग तिनं तोंड फिरवलं. नाक शिंकरलं. वर्तमानपत्राच्या शाईची ॲलर्जी असावी. पुढं लक्ष ठेवायला हवं.

२८ एप्रिल, मंगळवार.
भाषणाची तयारी. सात कार्डं. कार्ड १: 'बिड' आणि 'बेड' यांतला फरक, थोडक्यात. कार्ड २: त्याचा इतिहास. कार्ड ३: नॉर्डालमधली त्याची स्थिती. कार्ड ४: पेन्शन. कार्ड ५: कपाट. कार्ड ६: सांधेदुखी, दोघांची. कार्ड ७: प्रश्न.

ताईला वाचून दाखवलं नाही. तिनंच टेबलावरून उचलून वाचलं. म्हणाली, सातवं आधी वाच, आणि उरलेली चुलीत घाल. आणि व्हर्लिन, तुला खरंच ठाऊक नाही का? काय ठाऊक नाही, विचारलं. तिनं डोक्याला हात लावला, म्हणाली, ती सांगेल, माझ्यानं नाही सांगवत, आणि स्वतःच्या घरी गेली. म्हातारपणी माणसं कोड्यात बोलायला लागतात.

१ मे, शुक्रवार.
केस कापले. भुवया कापू नको म्हणून न्हाव्याला दोनदा बजावलं. डावी आता एकटी उठते.

२ मे, शनिवार. दुपारी १.२०. चर्चचं तळघर, मोरीचं दार आतून बंद.
जिंकलो!!

सविस्तर, विसरण्याआधी. अठरा पाई झाल्या, प्रत्येकीवर आरडाओरडा. केरमिटला या वर्षी बायकोच्या पाईसाठी ऐंशीपर्यंत रगडलं. मग आर्डिसची आली. वर मनुका, कडा सोनेरी. ड्वेन म्हणाला, सुरुवात पाचपासून. मी भुवई उचलली. फक्त डावी. ड्वेननं बघितलं, टोपी काढली आणि सगळ्या तळघरावरून नजर फिरवली.

चिडीचूप. एकाचीही हिंमत झाली नाही! मी वळून एकेकाच्या डोळ्यांत बघितलं, तर सगळे खाली बघायला लागले. पुरुष बुटांकडे, बायका पर्समध्ये. दीडशे माणसं एका भुवईनं गप्प केली. ड्वेननं हातोडाही आपटला नाही, अलगद टेकवला. पाच डॉलर. आर्डिसची पाई पाच डॉलरला! दीडशेमधले एकशे पंचेचाळीस शिल्लक.

कोपऱ्यात टेबल मांडलंय. ती बसली आहे. कार्डं चाळून घेतो, की निघालोच.

२ मे. संध्याकाळी ७.
पाई चांगली होती.

३ मे, रविवार. चर्चला गेलो नाही.
लिहायला हवं. मुलांना सांगायचो, वाईट दिवस आधी लिहा.

बसलो. कार्ड १ वाचलं, कार्ड २ वाचलं. आर्डिसनं माझ्या हातावर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, मास्तर, अठरा तारखेला मी टूसॉनला निघते. तुम्हाला ठाऊक आहे ना? मी म्हटलं, लेकीला भेटायला? परत कधी? ती म्हणाली, नाही हो. राहायला. घराची इसारपावती झाली. मी तर पहिल्यांदा तुम्हालाच कळवलं. सगळ्यांच्या आधी. गुलाबी कागदावर.

मी म्हटलं, तो निबंध होता.

ती म्हणाली, निबंध?

मग मी तिला सगळं सांगितलं. निबंध, कपाट, चौदा शब्दकोश जमिनीवर. ती आधी हसली, मग नॅपकिनला डोळे पुसले. म्हणाली, खाली दोन इंच जागा सोडली होती मी. वाटलं, हा माणूस लाल पेन्सिलीनं का होईना, जाऊ नका एवढं लिहील. मी फेब्रुवारीपासून वाट बघत होते मास्तर, कुणीतरी म्हणेल म्हणून. तुम्ही म्हणालात, कागदाची नासाडी.

कार्ड ७ खिशातच होतं. ते मी काढलं आणि तिला दिलं. तिनं वाचलं. घडी घातली. म्हणाली, एप्रिलमध्ये दिलं असतंत तर मी पाटी स्वतःच्या हातानं उपटली असती. आता घर गेलं, तिकडे जागा घेतली, लेक खोल्या रंगवतेय. खा, निवतंय.

दोन तुकडे खाल्ले. ती पाई गारच असते, हे मी तिला सांगितलं नाही.

३ मे. दुपारी.
ताई सूप घेऊन आली. मी विचारलं, काल सगळे गप्प का होते? मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं. ती म्हणाली, पामरच्या अकॉर्डियनला का होते? सगळ्यांनी पत्रक वाचलं होतं व्हर्लिन. लोकांना वाटलं, हा माणूस तिच्या हातची शेवटची पाई घेतोय, त्याला कोण चढवणार.

म्हणजे भुवई कुणाला दिसलीच नव्हती. ड्वेनला मी हात जोडून उभा असलेला दिसलो, म्हणे.

मी म्हटलं, तरी एकानं कुणी सहा म्हणू नये? केरमिटला ऐंशीपर्यंत नेता, आणि मला एक सहा नाही? दीडशे डॉलर होते माझ्याकडे. दीडशेपर्यंत गेलो असतो मी. सगळ्यांनी बाकावर उभं राहून ओरडावं असं मलाही एकदा वाटतं की नाही?

हे मी जरा मोठ्यानं म्हणालो. ताईनं सूप ठेवलं आणि गेली.

७ मे, गुरुवार.
कॉफीला गेलो. टेबलाखाली घडी घातली. दोघंही हवेविषयी बोललो. हवेला काही झालेलं नव्हतं.

१६ मे, शनिवार. संध्याकाळी ६.
आर्डिसच्या अंगणात तिच्या सामानाचा लिलाव. जायचं नव्हतं. संकल्प होता न जाण्याचा. दहा वाजता गेलो.

स्वयंपाकघरातलं टेबल आणि दोन खुर्च्या बाहेर आल्या. गवतावरही ते डुगडुगत होतं. ड्वेन म्हणाला, पाच. मी हात वर केला, भुवईच्या भानगडीत पडलो नाही. आता सगळे बुटांकडे बघणार, म्हणून मीच आधी बुटांकडे बघितलं.

मागून आवाज आला, सहा!

ताई! सख्खी बहीण. तिच्या घरात तीन टेबलं आहेत. मी सात म्हटलं. केरमिट लो आठ म्हणाला आणि मला डोळा मारला. पाद्रीबाई दहा. मग सगळं अंगणच उठलं. वीस, तीस, कोण कुठून ओरडतंय कळेना. माणसं ट्रेलरवर चढली. चल रे मास्तर, एवढ्यावर दमलास? इंग्रजीत आकडे येतात ना सर? ताईनं जाऊन सगळ्या गावाला सांगितलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. साठावर मला घाम फुटला. ड्वेन ओरडत होता, सरांनी नव्वद 'बिडेड', नव्वद 'बिडेड'! मला ते रूप इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

एकशे तीसवर ओसरीतून एक आवाज आला, एकशे चाळीस! आर्डिस. स्वतःच्या टेबलावर स्वतःच बोली! ड्वेन म्हणाला, बाई, हे नियमात बसत नाही. ती म्हणाली, तू गप रे, मास्तर बघून घेतील. मी म्हटलं, एकशे पंचेचाळीस. तेवढेच होते. वरच्या खिशातली नाणी धरून आणखी अडीच. सगळे एकदम थांबले, जणू ताईनं आकडाही सांगून ठेवला होता. हातोडा असा आपटला की ट्रेलरवरचा दिवा फुटला. लोक टाळ्या वाजवत होते. आर्डिस ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हसत होती, की रडत होती, दोन्हीही असेल. मला फार आनंद झाला. खोटं कशाला लिहू, आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता.

टेबल माझ्या दारातून आत जात नाही. ओसरीवर ठेवलंय.

१८ मे, सोमवार.
गेली. लेक गाडी घेऊन आली होती. निघताना आर्डिस खिडकीची काच खाली करून म्हणाली, मास्तर, पेट्रोल पंपावरून आठवड्यातून तीनदा बस सुटते. बिस्मार्कला बदलावी लागते. माझ्याकडे गच्चीत दोन खुर्च्या बसतील एवढी जागा आहे, आणि मागच्या खोलीत कपाटही. मी बस या शब्दाविषयी काहीही बोललो नाही. म्हणालो, येतो. एकच शब्द. त्यात चूक काढायला काही नव्हतं.

ती म्हणाली, बघा, आलं की नाही उच्चारता?

१९ मे, मंगळवार.
पंपावर चौकशी. टूसॉनचं तिकीट एकशे बेचाळीस डॉलर. खिशात अडीच.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, अरे, म्हणजे परवा सगळ्या गावानं मिळून तुझं तिकीट डुगडुगत्या टेबलावर घालवायला लावलं? मी म्हटलं, चढवायला सुरुवात तूच केलीस. ती म्हणाली, तू थांबायचं होतंस. मी हिशोब मांडला: पेन्शन एक तारखेला, पण छप्पर गळतंय, ती सगळी सुताराकडे जाणार. मोटार डोळ्यांपायी मागंच विकली.

२० मे, बुधवार.
उपाय सापडला! डुकरांचं कुंड. शेतकऱ्यांना ते लागतंच, मार्चमध्ये अठरालाच गेलं कारण तेव्हा बर्फ होतं. आता तीस तारखेला ड्वेनचा किरकोळ सामानाचा लिलाव आहे. माझा अंदाज नव्वद. गाव चढवायच्या रंगात आलेलंच आहे, म्हणजे एकशे वीसही जाईल. उरलेले वीस-बावीस पुस्तकांतून निघतील.

भेटेल त्याला सांगून ठेवलं: शनिवारी हात खिशातून बाहेर. सगळ्यांनी शब्द दिलाय. आर्डिसला पत्र टाकलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. खाली दोन इंच जागा उरली, त्यात जे लिहायचं ते लिहिलं.

२९ मे, शुक्रवार.
जिरेनियम काढून टेबलावर मांडली. कुंड घासलं. काळा रंग दिला. दीडशेसुद्धा जाईल.

३० मे, शनिवार. दुपारी २.
गर्दी चांगली होती. डुकरंवाले निदान आठ. ड्वेननं कुंडाचं फार सुंदर वर्णन केलं आणि तीन डॉलरपासून सुरुवात केली.

ताईला वाटलं, कुणीतरी लवकर सुरुवात करून द्यावी. भावाला मदत म्हणून तिनंच पहिला हात वर केला.

घरचं माणूस बोली लावतंय म्हटल्यावर सगळ्यांनी हात खिशात घातले.